दाराजवळची खोकी

जनार्दनकाका गेल्याचा एसएमएस ऑफिसमधल्या कुणीतरी पाठवला. त्याला महिना झाला, पण मला अजून चैन पडत नाही...

काका उरणकडच्या कोळीवाड्यातले. कळंबोलीला आमच्या औषध कंपनीच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर. परदेशी जाणारा माल तिथे कंटेनरमध्ये भरून बंदरावर जायचा. कागदपत्रं आणि जहाजांच्या वेळा माझ्याकडे. मी सकाळी पनवेलहून पोचायचे तेव्हा ते आधीच उभे असायचे. बसलेले मी त्यांना फारसे पाहिलेच नाहीत.

आठ वर्षं झाली असतील. आफ्रिकेतल्या सरकारी दवाखान्यांसाठी इन्सुलिन निघालं होतं. कारखान्याची गाडी आली, तापमान नोंदवणाऱ्या यंत्रावर त्या क्षणीचा आकडा ठीक होता, मी सही करून टाकली. काकांनी मात्र गाडीच्या दाराजवळच्या खोक्यांमध्ये हात घातला आणि काम थांबवलं.

"मॅडम, हा माल गरम लागतो."

"काका, रीडिंग बरोबर आहे. आज जहाज चुकलं तर पुढचं कधी मिळेल सांगता येत नाही."

"तुमी बघितला तो यंत्र पार आत, गार वाऱ्याच्या तोंडाशी हाय. इथला पन बघा ना. लोक सुई टोचून घेनार हायत."

मी चिडले. सगळ्यांदेखत नको ते बोलले. ते जागचे हलले नाहीत. शेवटी दाराजवळच्या खोक्यातलं यंत्र काढून त्यातली पूर्ण प्रवासाची नोंद पाहिली, तर वाटेत कित्येक तास गाडीचं कूलिंग बंद होतं. सगळा माल बाद झाला. जहाज गेलं.

काका बरोबर ठरले, पण शांत झाले नाहीत. नवा माल तयार होऊन तिकडे पोचायला दोन महिने लागले. ते रोज सकाळी माझ्या टेबलाशी. "बोट कुठवर आली?" एकदा हळूच म्हणाले, "तवर तिकडं लोकांनी काय केला असंल?" मी खरेदीदाराला तसं विचारलंही. उत्तरात फक्त तारखा आल्या... माल उतरल्याची मेल आली तेव्हा मी धावत खाली गेले. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि गाडीकडे वळले. त्या दिवशीचं माझं बोलणं मागे घ्यायचं राहूनच गेलं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले. काकूंना हे सगळं सांगू लागले, तर त्यांनीच मला थांबवलं.

"ठावं हाय मना. तवा घरात धड जेवलं नाय. मना वाटला, नोकरी गेली."

"आणि माल पोचला तेव्हा?"

काकू पहिल्यांदाच हसल्या. "त्या दिशी दोनदा भात मागून घेतला."