शाखा समाप्त

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनच. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. लग्न झालं ते नेमकं डॉक्टरशी, आणि मग नवऱ्याच्या ट्रेनिंगपायी आम्ही सगळेच फिरत राहिलो. आधी लीड्स, मग एडिनबरा, मग साउथहॅम्प्टन. दर वेळी खोकी भरायची, खोकी फोडायची, नव्या कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, पत्रं लिहायची, मुलीला नव्या शाळेत घालायचं. साउथहॅम्प्टनला आलो तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिथे मी चार खोकी उघडलीच नाहीत. कशाला उघडायची? पुन्हा भरायचीच आहेत की.

दिवसभर घरात बसून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा मी एक काम धरलं. लोकांचे पूर्वज शोधून द्यायचं. ते इंटरनेटचे नवे दिवस होते. अमेरिकेतल्या, ऑस्ट्रेलियातल्या लोकांना एकदम आपल्या मुळांची आठवण यायला लागली होती, आणि मुळं तर इथल्या रेकॉर्ड ऑफिसात, चर्चच्या जुन्या नोंदवह्यांत पडलेली. त्यांच्या वतीने कुणीतरी जाऊन वाचायला हवं होतं. मी एका संध्याकाळच्या क्लासला जाऊन जुनी अक्षरं वाचायला शिकले. रेकॉर्ड ऑफिसात पेन चालत नाही, पेन्सिलच लागते. मी दप्तरात चार पेन्सिली टोक करून न्यायची आणि एखाद्या शाळकरी मुलीसारखी खुशीत बसायची. बसायची म्हणजे काय, दर वीस मिनिटांनी उठायची. तिथला म्हातारा कारकून माझ्याकडे बघून मान हलवायचा.

खरं तर हे काम मला नवं नव्हतंच. मी पंधरा वर्षांची असताना आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघाला. म्हणजे आमच्या आडनावाच्या सगळ्या घरांची, सगळ्या शाखांची वंशावळ, एका जाड पुस्तकात. आमच्या भागातल्या शाखांची माहिती गोळा करायचं काम अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आलं. पोस्टाने फॉर्म यायचे. कुणाचं अक्षर लागायचं नाही, कुणी आजोबांचं नावच विसरलेला, कुणी फॉर्मच्या मागे जमिनीचं भांडण लिहून पाठवलेलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून पक्की प्रत करायला अण्णांनी मला बसवलं. अख्खी सुट्टी त्यात गेली. नियम सोपे होते. मुलगा असेल तर त्याचं नाव, मग त्याची मुलं, मग त्यांची मुलं. मुलगी असेल तर तिचं नाव, सासरचं आडनाव, गाव, आणि पूर्णविराम. तिची मुलं तिच्या सासरच्या पुस्तकात. आणि ज्या घरात मुलगाच नाही, तिथे खाली पट्टीने रेघ मारून लिहायचं, शाखा समाप्त. त्या सुट्टीत मी किती शाखा समाप्त केल्या असतील देव जाणे. अण्णा पाहुण्यांना माझं अक्षर दाखवायचे.

तर साउथहॅम्प्टनमध्ये माझ्याकडे एका अमेरिकन बाईंचं काम आलं. मॅसॅच्युसेट्सच्या, वय एक्क्याऐंशी, आयुष्यभर लायब्ररीत नोकरी केलेल्या, लग्न न केलेल्या. त्यांचा मूळ पुरुष इथल्याच एका खेड्यातल्या बेकरीवाल्याचा मुलगा. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी तो साउथहॅम्प्टनच्या बंदरातून बोटीत बसला आणि परत आला नाही. त्याचा धाकटा भाऊ मात्र मागे राहिला आणि पाव भाजत राहिला. अमेरिकेतला सगळा विस्तार बाईंनी स्वतः काढला होता. तो कागद पोस्टाने आला तेव्हा आमच्या डायनिंग टेबलावरून खाली लोंबायला लागला. इतकी माणसं! दर उन्हाळ्यात ती सगळी एका मैदानात जमायची म्हणे, आणि जेवण झालं की कोण कितव्या पिढीतलं यावरून वाद घालायची.

बाईंकडे एक चमचा होता. आपल्याकडे भांड्यांना कल्हई करतात त्या कथलाचा, मूळ पुरुषाने घरून निघताना बरोबर घेतलेला. तो त्यांना त्या मैदानातल्या कुणालाही द्यायचा नव्हता. तो परत द्यायचा होता, मागे राहिलेल्या भावाच्या वंशात आज जे कुणी जिवंत असेल त्याच्या हातात. तेवढं माणूस शोधून द्या, म्हणाल्या, मी स्वतः येते.

दोन महिने मी त्या भावाच्या मागे लागले. बाप्तिस्मा, लग्न, दफन, बाप्तिस्मा, लग्न, दफन. तीच बेकरी, तेच खेडं, बापाकडून मुलाकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेवटचा बेकरीवाला सापडला. त्याला तीन मुली. मुलगा नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण काम चोख झाल्याचं समाधानही वाटलं. मी रिपोर्ट टाइप केला, शेवटी लिहिलं की ही शाखा इथे संपते, आणि ईमेलने पाठवून दिला.

बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. चार ओळींचं. सरळ सांगितल्याबद्दल आभार. म्हणजे आता तिकडे कुणीच नाही. विमानाचं तिकीट काढलेलं आहे तेव्हा तीन आठवड्यांनी मी येतेच, आणि ज्या धक्क्यावरून तो गेला तिथे चमचा पाण्यात सोडून देईन. तुम्ही बरोबर याल का?

मी येते म्हणून कळवलं.

त्याच दिवशी दुपारी मुलगी शाळेतून आली. टेबलावर माझा तक्ता पसरलेला. बिस्किट खात खात ती शेवटच्या टोकापर्यंत गेली आणि म्हणाली, "आई, ह्या तीन मुली डेड झाले का? लहान असताना?"

"नाही गं. लग्नं झाली त्यांची."

"मग बेबीज नाही झाले?"

"झाली असतील की."

"मग तू इथे एंड का लिहिलं?"

मी म्हटलं, "अगं, मुलगे नव्हते ना."

तिने बिस्किट चावायचं थांबवलं. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी दोन अधिक दोन पाच म्हटलंय. "पण मग आजोबांचा पण एंड? तुला तर ब्रदर नाहीये."

मी तिला ओरडले. डबा अजून धुवायला टाकला नाहीस, बूट दारात काढलेस, मोठ्यांच्या कागदांवर चुरा पाडतेस. जे तोंडाला येईल ते. ती बिचारी डबा घेऊन गेली. आणि मी त्या टेबलाजवळच उभी राहिले. बाईंचा तो लांबलचक कागद पुन्हा उलगडला. तीन ठिकाणी, चांगल्या ठळक अक्षरांत, रेघ मुलीकडून पुढे गेलेली. बाई स्वतः तीनदा मुलींकडून आलेल्या होत्या. त्यांच्या कागदात मुलगी म्हणजे पूर्णविराम नव्हता. दोन महिने तो कागद माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होता आणि मला दिसला नाही. त्या बिचाऱ्यांनी मात्र मला जाणकार समजून माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्या चमचा बुडवायला निघाल्या होत्या.

बाईंना कळवायला हवं होतं. कुठल्या तोंडाने कळवू? आधी सापडू दे, मग सांगू, असं म्हणत मी रोज टाळत गेले. चूक माझी, भित्रेपणाही माझाच.

ते तीन आठवडे मला आठवतात ते चालताना. रेकॉर्ड ऑफिस उघडायच्या आधी मी दारात उभी. शिरगणतीचे कागद, लग्नांच्या याद्या, मतदारांच्या याद्या. थोरली मुलगी कॅनडात गेली आणि तिचा माग संपला. मधली बिनलग्नाची वारली. धाकटीने गोदीतल्या एका कामगाराशी लग्न केलं होतं, साउथहॅम्प्टनातच. तिला दोन मुली. घ्या! पुन्हा मुली, पुन्हा नवी आडनावं, प्रत्येक पिढीत माझं दहा याद्यांचं काम वाढलेलं. घरी रोज वरणभात. नवरा एकदा म्हणाला, "अगं, कुणाचे कोण ते, तू का जीव टाकतेयस?" मी त्याच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

शेवटी पाच पत्ते उरले. पाच पत्रं टाकली. बाई यायच्या दोन दिवस आधी फोन वाजला. पलीकडून एक खरखरीत आवाज, "तुमचं पत्र मिळालं. काही विकायचं असेल तर आत्ताच सांगते, नको." मी घाईघाईने म्हटलं, तुमच्या पणजोबांची बेकरी होती का? मग ती म्हणाली, "बेकरी माहीत नाही. पण आमची आजी पावावर सुरीने फुली मारायची, भाजायच्या आधी. का म्हणून विचारलं तर म्हणायची, आमच्यात अशीच मारतात."

ती माझ्या घरापासून दोन बसच्या अंतरावर राहत होती. नदीपलीकडे, सत्तरीची, शाळेत मुलांना जेवण वाढून रिटायर झालेली. रिपोर्टात मी जिला संपवून बसले होते ती कधीमधी माझ्याच सुपरमार्केटात येत असणार.

अमेरिकन बाई आल्या, काठी टेकत, निळा कोट घालून. धक्क्यावर वारा असा की उभं राहवेना. त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेला चमचा काढला आणि पाण्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा. माझी चूक झाली. मी मुली मोजल्या नाहीत."

त्यांना कळेना. मी सांगितलं, आमच्याकडे कसं लिहितात, मी कशी शिकले, सगळं. तोंड पाडून, एका दमात. त्या रागावतील असं वाटलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि विचारलं, "आणि तुमच्या त्या पुस्तकात तुम्ही कुठे आहात?"

तेवढ्यात मी बोलावलेली नदीपलीकडची ती समोरून येताना दिसली. हातात पिशवी, पिशवीत घरी भाजलेला पाव. त्या दोघी एकमेकींच्या नाकाकडे बघत राहिल्या. नाक तेच होतं, मी शप्पथ घेऊन सांगते. बाईंनी चमचा तिच्या हातावर ठेवला आणि तिची मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी मिटली. तिने विचारलं, "ह्याने खायचं की नुसता ठेवायचा?" बाई म्हणाल्या, "खा. खाण्यासाठीच आणला होता त्याने." त्या दोघी हसत होत्या आणि रडत मी होते.

घरी आल्यावर मी न उघडलेली खोकी फोडली. तिसऱ्यात कुलवृत्तांत सापडला. लग्नात अण्णांनी दिलेला, एकदाही न उघडलेला. आमचं पान काढलं. अण्णांचं नाव. खाली माझं, माहेरचं. मग रेघ, आणि रेघेखाली ते दोन शब्द. छापलेले होते, पण छापखान्यात गेली ती प्रत माझ्या हातची होती.

मी उभ्याउभ्याच पुण्याला फोन लावला. आई गेल्यापासून अण्णा तिथे एकटेच राहायचे. नमस्कार नाही, तब्येत नाही, एकदम म्हटलं, "अण्णा, आपल्या पानावर शाखा समाप्त मी लिहिलं ना?"

"हो, तूच. का गं?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं." माझा आवाज चढला होता. "पंधरा वर्षांच्या पोरीला स्वतःच्याच नावाखाली तसं लिहायला लावलंत तुम्ही!"

"मी नाही सांगितलं," अण्णा म्हणाले. "बाकीच्या शाखांचं सांगत होतो. आपलं पान आलं तेव्हा मी मुद्दाम गप्प बसलो. म्हटलं, आता ही भांडेल. एवढी भांडकुदळ पोर, आता पेन आपटेल आणि विचारेल, अण्णा, मग मी कोण? मी वाट बघत होतो गं. तू भांडली असतीस तर मी संपादकांशी भांडलो असतो."

"मग?"

"मग काय. तू पट्टी घेतलीस, सरळ रेघ मारलीस, लिहिलंस, आणि म्हणालीस, अण्णा, पुढची शाखा कोणती?"

मी फोन धरून खोक्यांच्या मध्ये खाली बसले. मुलीने दोनदा येऊन भूक लागल्याचं सांगितलं तरी मी उठले नाही.