गुडघ्यावरचा उलटा हात

कोल्हापूरच्या स्टँडवर मुंबईची बस लागली होती आणि आई चिवड्याची पिशवी तिसऱ्यांदा माझ्या बॅगेत कोंबत होती. आण्णा वाकले आणि त्यांनी चारचौघांत, पँटवरूनच, माझ्या दोन्ही गुडघ्यांना उलटा हात लावला. आधी डावा, मग उजवा, मग परत डावा. "सारखे हायत," ते म्हणाले. "जा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फिजिओथेरपीची डिग्री घेऊन इंग्लंडला निघालेल्या पोराला बापाने मॅचला सोडल्यासारखं सोडावं, तेही सगळ्या गावासमोर. बस सुटली तेव्हा मी हातसुद्धा नीट हलवला नाही.

ज्यांनी आमची पेठ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि संध्याकाळी तालमीत आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाची मालिश करायचे. मॅचच्या दिवशी प्रत्येक खेळाडू मैदानात उतरण्याआधी त्यांच्यापुढे उभा राहायचा. तळहाताला घट्टे पडलेले, त्याला ऊन-गार काही कळत नाही, म्हणून ते हात उलटा करून गुडघ्याला लावायचे. एक गुडघा दुसऱ्यापेक्षा गरम लागला, की तो गडी बाहेर. मग तो कॅप्टन असो, नाहीतर नगरसेवकाचा भाचा. गडी गयावया करायचा, शपथा घ्यायचा. आण्णा मला म्हणायचे, "खेळाडूचं तोंड ऐकू नगंस. गुडघा बघ." कॉलेजात मी जे शिकलो त्याला मोठमोठी नावं होती, पण काम हेच होतं.

पुढे काही वर्षं इथल्या हॉस्पिटलात काढली आणि मग वॉटफर्डच्या पलीकडच्या एका छोट्या फुटबॉल क्लबात नोकरी लागली. घर लंडनच्या हॅरो भागात. मी आणि माझी बायको मेधा, ती मूळची पुण्याची, हॉस्पिटलात फार्मासिस्ट. सकाळी मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनने गर्दीच्या उलट्या दिशेला जायचं, म्हणजे बसायला जागा मिळायची. हळूहळू शब्द बदलले. फुटबॉलला सॉकर म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात हे कळलं, प्रशिक्षकाला गॅफर म्हणायला लागलो, आणि दर रविवारी घरी फोन करून "सगळं फाईन" म्हणायला शिकलो. इकडे आलेल्या प्रत्येकाला हा शब्द माहीत आहे. त्याच्या आड काहीही लपतं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आयनार आला. आइसलँडचा, सेंटर बॅक, म्हणजे बचावाचा मधला गडी, वय चौतीस, आणि आमचा हा त्याचा नववा क्लब. नॉर्वे, स्वीडन, बेल्जियम, स्कॉटलंड आणि इंग्लंडातली चार गावं. पहिल्या दिवशी टेबलावर पाय पसरून त्याने मला सगळी कारकीर्द गुडघ्यांवरच दाखवली. ही खूण स्वीडनची, हे टाके स्कॉटलंडचे, हा खड्डा कुठला ते त्यालाही आठवत नव्हतं. त्याच्या शर्टावर पाठीमागे वडिलांचं नाव होतं. "आमच्यात आडनाव नसतं," तो म्हणाला, "जाईन तिथे बाप पाठीवर." मी म्हटलं, आमच्यात तो मध्ये असतो, नाव आणि आडनावाच्या मध्ये. तो मोठ्याने हसला आणि तेव्हापासून आमचं जमलं.

क्लबने दिलेल्या त्याच्या फ्लॅटवर मी एकदा गेलो होतो. चार महिन्यांनीही खोकी तशीच चिकटपट्टी लावून भिंतीशी रचलेली. एका खोक्यातून किटली आणि दोन कप निघाले होते, बस्स. एकच खोली लावलेली होती. पलंगावर निळी चादर, खिडकीला पडदे, टेबलावर नवा दिवा. ती त्याच्या मुलीची. मुलगी अकरा वर्षांची, पाच शाळा झालेली, आणि आता आईबरोबर आइसलँडमध्ये आजीकडे. बायकोने स्पष्ट सांगितलं होतं, एका ठिकाणी दोन वर्षं राहायची खात्री असेल तरच आम्ही येऊ. करारात लिहिलं होतं, सीझनमध्ये पंचवीस मॅचेस खेळला तर पुढची दोन वर्षं आपोआप. त्याला त्या पंचवीस हव्या होत्या. मी त्या लावलेल्या खोलीच्या दारात उभा राहिलो तेव्हा मला बरं वाटलं नाही. न आलेल्या माणसासाठी एवढी तयारी मी फक्त दवाखान्यात, रिकाम्या कॉटवर पाहिली होती.

नोव्हेंबरात त्याचा गुडघा गरम लागायला लागला. डावा. रोज सकाळी मी आण्णांसारखाच हात उलटा करून लावायचो. "फाईन," आयनार छताकडे बघत म्हणायचा. स्कॅनमध्ये झीज दिसायची, पण चौतीस वर्षांच्या बचावपटूला झीज असतेच, असं क्लबचे डॉक्टर म्हणायचे. शुक्रवारी गॅफर यादी घेऊन यायचा आणि प्रत्येक नावापुढे मला फिट किंवा अनफिट लिहायचं असायचं. आयनारपुढे मी फिट लिहीत गेलो. हिवाळ्यात सूज दिसायला लागली, तेव्हा मला गुडघा गरम लागू नये म्हणून तो आधी येऊन बर्फ लावून बसायचा. मला ते कळत होतं. आमच्या पेठेतले गडी हेच करायचे, ओला टॉवेल गुंडाळून यायचे, आणि आण्णा त्यांना भिंतीशी दहा मिनिटं बसवून मग हात लावायचे. मी आयनारला बसवलं नाही.

का, ते सांगून टाकतो. त्याने मला विनवलं होतं, हे एक. दुसरं म्हणजे माझं वर्क परमिट क्लबच्या नावावर होतं, इथे राहायचा पर्मनंट परवाना मिळायला आठ महिने होते, आणि आयनार नसला की गॅफरची मागची फळी पत्त्याच्या बंगल्यासारखी पडायची. मेधा एकदा चिडून म्हणाली, "तू सरळ रिपोर्ट कर ना. नंतर काही झालं तर तुझं रजिस्ट्रेशन जाईल. आणि त्या माणसाला आयुष्यभर चालायचंय, डोन्ट फर्गेट." मी म्हटलं, "अजून थोड्याच मॅचेस."  

त्याच जानेवारीत आईने फोनवर सांगितलं, आण्णांच्या पायाच्या अंगठ्याला खिळा लागलाय, रोज पट्टी बांधतात. बारा वर्षांची शुगर, आणि माणूस अजून तालमीत अनवाणी फिरतो. मी काही विचारायच्या आत आण्णांनी फोन घेतला. "झकास हाय. तू तिकडचं बघ." मी काळजी घ्या म्हटलं आणि इथे किती थंडी आहे ते सांगत बसलो. पुढे दर रविवारी हेच झालं. पट्टी अजून होती, आणि आण्णा झकास होते.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी बर्फ लावूनही गुडघा नुकत्याच उतरवलेल्या भाताच्या पातेल्यासारखा लागला. बावीस मॅचेस झाल्या होत्या. मी हात तसाच ठेवून त्याच्याकडे बघितलं. "तीन," तो म्हणाला. "फक्त तीन." दारात गॅफर यादी घेऊन उभा होता. मी फिट लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मॅचच्या एकविसाव्या मिनिटाला, तो एकटाच वळला आणि गुडघ्याने दगा दिला. जवळ कोणी नव्हतं, बॉलही नव्हता. मी बेंचवरून उठलो तेव्हा तो अजून खाली पडायचाच होता. स्ट्रेचरवर त्याचा चेहरा शांत होता, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

"तुला माहीत होतं ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मलाही," तो म्हणाला, आणि मग मैदानातून आत जाणाऱ्या टनेलपर्यंत माझा हात धरून ठेवला.

तो पुन्हा खेळला नाही. दोन आठवड्यांनी मी त्याला सामान आवरायला मदत करायला गेलो. आवरण्यासारखं फार नव्हतं, खोकी बांधलेलीच होती. मुलीच्या खोलीतले पडदे मी काढले, कारण त्याला स्टुलावर चढता येत नव्हतं. घडी घालून एका खोक्यात ठेवले. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने फक्त दिवा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, घेऊन जा, मला विमानात ओझं होईल.

तो रविवार होता. दिवा घेऊन घरी आलो आणि कोट न काढताच कोल्हापूरला फोन लावला. "झकास हाय," आण्णा म्हणाले. मी म्हटलं, "आईकडे द्या." आणि आईला सांगितलं, "आण्णांच्या पावलांवर हात ठेव. तळहात नको, उलटा. दोन्हीवर." मागून आण्णांचा आवाज आला, "काय थेरं लावल्यात." मग आईने फोन खाली ठेवला, खाट करकरली.

"उजवा गार लागतोय रे," आई म्हणाली. "लईच गार."

गार म्हणजे पावलापर्यंत रक्तच पोचत नव्हतं; मी तिसऱ्या दिवशीच्या विमानाने निघालो. मुंबईहून कोल्हापूरला पोचेपर्यंत डॉक्टरांनी निर्णय घेतलेला होता. उजवा पाय गुडघ्याखाली काढला. दोन महिने आधी आला असतात तर नुसतं बोटच गेलं असतं, असं सर्जन मला म्हणाले, आणि मी फिजिओ आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

दोघांना मी त्यांच्या तोंडच्या शब्दावर सोडलं. एकाच्या गुडघ्यावर माझा हात रोज होता आणि तरी मी ऐकलं तोंडाचं. दुसऱ्यापर्यंत हात पोचतच नव्हता, कारण मी पाच हजार मैलांवर जाऊन बसलो होतो, गार गावात, परक्यांचे गुडघे चाचपत. गॅफरला मी फोनवरच सगळं खरं सांगितलं. परमिटचं काय झालं ती वेगळी रडकथा आहे. हॉस्पिटलने पुन्हा घेतलं म्हणून आज हॅरोत आहे. आयनारच्या मुलीचा दिवा आमच्या खिडकीत आहे.

पेठेतल्या मित्रांनो, आणि इकडे येऊन फाईन म्हणायला शिकलेल्या तुम्हा सगळ्यांनो, घर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं की मला तो दवाखान्यातला चौथा दिवस आठवतो. मी कॉटशेजारी स्टुलावर बसलो होतो. आण्णांनी डोळे उघडले, सलाईन लावलेला हात कसाबसा उलटा केला आणि माझ्या गुडघ्यांना लावला. आधी डावा, मग उजवा, मग परत डावा.

"सारखे हायत," ते म्हणाले. मग पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून खेळाडूच्या तोंडाकडे बघितलं. "तुला काय झालंय, लेका?"

मी फाईन म्हणालो नाही.