इंग्रजीच्या शिकवणीतला घाम

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही गिरगावातली खोली विकून भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये, एक बेडरूमचा फ्लॅट घेतला. नवरा नोकरीला जायचा आणि मी एका खासगी शाळेत पीटी शिकवायचे. पीटीच्या बाईला शाळेत कुणी हिंग लावूनही विचारत नाही. गणिताच्या बाईंच्या घरी शिकवणीला पोरांची रांग लागायची. माझ्याकडे कोण येणार, लंगडी शिकायला? वरचे चार पैसे हवे होते हे खरं, पण त्याहून जास्त मला त्या रांगेचा हेवा वाटायचा.

मला शिकवणी मिळाली ती शाळेच्या स्पोर्ट्‌सच्या दिवशी. आयांची लिंबू-चमच्याची शर्यत होती. घोडबंदरहून आलेली एक बाई अर्ध्या वाटेत मैदानात खालीच बसली. लिंबू चमच्यात शाबूत होतं, दम मात्र संपला होता. चाळिशीची असेल. धाकटा मुलगा आमच्या शाळेत होता. शर्यत आटोपल्यावर ती माझ्याजवळ आली, आजूबाजूला कुणी नाही हे बघून म्हणाली, "डॉक्टर बोलला, साखर हाय, वजन उतरवा. कसा उतरवू ते न्हाय बोलला. तुमी घरी येऊन शिकवाल काय? फी देईन."

पर्सनल ट्रेनर हा शब्द तेव्हा आमच्या भागात कुणी ऐकला नव्हता. मी लगेच हो म्हटलं.

अडचण तिच्या सासूची होती. त्यांचं घर जुनं, पूर्वी मिठागर आणि भातशेती दोन्ही होती. जमीन बिल्डरला गेली आणि शेताच्या जागी दोन मजली बंगला उभा राहिला. सासूने उभा जन्म मिठाच्या आगरात आणि शेताच्या चिखलात काढला होता. आता गावात तिची एकच फुशारकी होती, माझी सून बसून खाते. सुनेचा गरगरीत देह आणि दंडात रुतलेलं सोनं ही त्या घराची श्रीमंती होती, बंगल्याच्या रंगापेक्षा जास्त दिसणारी. अशा सुनेने पैसे देऊन घाम गाळायचा म्हणजे म्हातारीच्या फुशारकीवर पाणी फिरवण्यासारखंच होतं.

तेव्हा असं ठरलं की मी थोरल्या मुलीला इंग्रजी शिकवायला येते. मुलगी बारावी झालेली, लग्नाची. शाळा सुटली की मी बस धरून घोडबंदरला जायचे. पुरुष बाहेर असायचे, म्हातारी ओटीवर खाटेवर आडवी. आम्ही तिघी आतल्या खोलीत जाऊन कडी लावायचो. मुलगी पलंगावर बसून मोठ्याने इंग्रजी धडा वाचायची आणि त्या आवाजाखाली तिची आई बैठका मारायची. डंबेल्स कुठून आणणार? पाण्याने भरलेल्या दोन कळशा होत्या. भाताचे भारे बांधायचा काथ्याचा दोर पडून होता, त्याची दोरीवरची उडी झाली. पहिल्या महिन्यात ती रडायची. मी काही फार मायाळू नाही. रडून झालं की पुढची बैठक, एवढंच सांगायचे. एकच धडा इतक्यांदा वाचून मुलीला पाठ झाला. इंग्रजी तिला आलं नाही ते नाहीच.

बाई मात्र उतरली. गुडघ्यांची कुरकुर थांबली. साखर खाली आल्याचं डॉक्टरने सांगितलं ती बातमी देताना तिने मला त्या खोलीतच मिठी मारली, घामाने निथळत. माझ्या हाताला यश आलं याचा मला अभिमान वाटला, तो अजूनही वाटतो. पण गावात शरीराचा हिशेब वेगळा असतो. बांगड्या कोपराकडून मनगटाकडे घसरायला लागल्या, तिने त्यांना आतून दोरा गुंडाळला. ब्लाउज आत घ्यायला ती लांब नया नगरच्या टेलरकडे जायची, कारण गावातला टेलर मापं आणि बातम्या दोन्ही घ्यायचा. तरी बोभाटा व्हायचा तो झालाच. बाई वाळली, बाईला काहीतरी रोग लागलाय.

हे सगळं अंगाशी आलं ते मुलीला स्थळ आलं तेव्हा. खाडीपलीकडचं घर, मुलगा कंपनीत सुपरवायझर, मुलीच्या मनात भरलेला. तिने एका लग्नात त्याला पाहिलं होतं आणि तेव्हापासून धडा वाचताना ती मधेच थांबायची. पाहुणे येण्याच्या दिवशी मलाही बोलावलं होतं. मुलीला इंग्रजी येतं असं शिकवणीच्या बाईने सांगितलं की वजन पडतं, असं त्यांचं म्हणणं. खोट्याला टेकू द्यायला मी नवी साडी नेसून गेले.

ओटीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. मुलीला दोन-चार प्रश्न झाले, ती छान बोलली. पण मुलाच्या आईची नजर मुलीवर नव्हतीच. ती मुलीच्या आईकडे बघत होती, गळ्याकडे, दंडांकडे, मनगटांकडे. शेवटी चहाची बशी खाली ठेवून तिने विचारलंच.

"विहीणबाई, राग नका धरू. तुमची तब्येत अशी कशान उतरली? आमी आयकला ते खरा हाय काय? आईला जे असतं ते पोरीला येतं, म्हनून इचारते."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. एक वाक्य बोललं की स्थळ वाचणार होतं, पण त्याच वाक्यात इतक्या महिन्यांची लबाडी सासूसमोर उघडी पडणार होती. बाईने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार, मी तर इंग्रजीची बाई. मला खरोखर घाम फुटला, आणि तो फुकटचा होता. आजार नाही म्हणून बाईने नुसती मान हलवली. त्यावर कोण विश्वास ठेवणार? मुलाची मावशी पदर सावरून उठायच्या बेतात दिसली.

तेव्हा खाटेवरून म्हातारी बोलली. "बसा. तिला आजार न्हाय. ही बाई येते नं, ती इंग्रजी न्हाय शिकवत. कडी लावून माज्या सुनेला उड्या मारायला लावते. रोज माजी खाट हालते."

सून गोरीमोरी झाली. "तुमाला म्हाईत होता? मंग बोलल्या का न्हाय?"

"तू सांगशील म्हनून वाट बघली."

मुलाच्या आईला पटेना. "घरान येवढा सोना, नि पैशे देऊन घाम गाळता?"

"मी आगरान गाळला तो सासऱ्यासाठी," म्हातारी म्हणाली. "शेतान गाळला तो पोरांसाठी. ही गाळते तो सोतासाठी. या घरान येक तरी बाई गाळू दे."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही. मुलाच्या आईने खाली ठेवलेली चहाची बशी पुन्हा उचलली. सासू सुनेची लबाडी झाकत नसते, हे तिलाही ठाऊक होतं. अशा घरात सुनेच्या बाजूने सासूने दिलेली साक्ष डॉक्टरच्या कागदापेक्षा मोठी. "मंग काय," ती म्हणाली, "पोर आमाला पसंत हाय."

मुलगी आत पळाली. बाई उठून खाटेपाशी गेली आणि सासूच्या पायांवर डोकं ठेवायला पार खाली बसली. नंतर तशीच सरळ उभी राहिली. म्हातारीने आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. ती पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "बघला? हात न टेकता उठली. मना आता न्हाय जमत."