पालथ्या वाट्या

पाथर्डीच्या पूर्वेला आमच्या गावात ऊसतोडीला निघताना घरातलं एकही भांडं पाण्यानं भरलेलं ठेवत नाहीत. हंडा, कळशी, रांजण, देवाचा तांब्यासुद्धा रिकामा करून पालथा घालायचा आणि मगच दाराला कुलूप लावायचं. पाच-सहा महिने साचलेल्या पाण्यात अळ्या होतात, उघड्या भांड्यात विंचू येऊन बसतात. आईच्या हाताला हे काम इतकं सरावलंय की ती बोलता बोलता अख्खं घर पालथं घालते. मला हे लहानपणापासून माहीत होतं. तरीही दिवाळीच्या सुट्टीत लक्ष ठेवता यावं म्हणून कॉलेजातून आणलेल्या चोवीस काचेच्या वाट्या मी घरातल्या फळीवर ठेवल्या आणि दोन दिवस नगरला परीक्षेच्या कामावर गेले.

त्या वाट्यांत माझी पीएच.डी. होती. प्रत्येकीत चमचाभर पाणी, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे रोटिफर नावाचे प्राणी. सूक्ष्मदर्शकाखाली ते जळवेसारखे लांब-आखूड होत चालतात आणि खायला लागले की डोक्यावर दोन चाकं फिरताहेत असं वाटतं. माझ्याकडच्या रोटिफरांत नर नसतोच. मादी अंडं घालते, त्यातून पुन्हा मादीच निघते, आणि हे कोट्यवधी वर्षं चालू आहे. अशा वंशात सगळ्याजणी एकसारख्या निघायला हव्यात, पण तसं होत नाही. पाणी आटलं की त्या आक्रसून धुळीच्या कणाएवढ्या होतात, त्यांच्या डीएनएचे तुकडे पडतात. पाणी मिळालं की तुकडे पुन्हा सांधले जातात, आणि सांधताना काहीतरी बदलत असावं. शिवाय जिथं राहायचं तिथलं पाणी आणि खाणं जिला मानवेल तीच टिकते. अशा पुष्कळ पिढ्या गेल्या की एकाच आईच्या लेकींच्या दोन वेगळ्या प्रजाती होऊन बसतात.

माझ्या बारा वाट्या आमच्या गावच्या दर उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्यातल्या होत्या आणि बारा राजूरकडच्या, कधीच न आटणाऱ्या एका झऱ्यातल्या. प्रत्येक वाटीतला वंश एकाच मादीपासून वाढवलेला. दोन्हीकडच्या दिसायला अगदी सारख्या. त्यांची प्रजाती एक की दोन, एवढाच माझा प्रश्न होता.

आईला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "समद्या बायाच? मंग भांडत्यात तरी कुनाशी?" आणि वर, "तुझ्यावानीच हायेत. लग्नाचं नावच काढायला नगं."

मार्गदर्शक बाईंनी मला बजावलं होतं की प्रत्येक वंशाची दुसरी वाटी करून नगरला कॉलेजात ठेव. मी आज करते, उद्या करते म्हणत राहिले. त्यातच राजूरच्या झऱ्यावर सिमेंटची टाकी बांधली गेली. म्हणजे त्या बारा वाट्या गेल्या तर पुन्हा आणायला जागाच उरली नव्हती. हे समजूनही मी आळस केला, त्याला दुसरं नाव नाही.

नगरला असतानाच कळलं की मुकादमाचा ट्रक दोन दिवस आधीच आला आणि घरचे निघून गेले. मी काम अर्धवट टाकून निघाले. पाथर्डीपर्यंत एसटी, तिथून जीप. शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतली आणि कुलूप उघडलं. फळीवर जुन्या लुगड्याची घडी घातलेली, आणि तिच्यावर माझ्या चोवीस वाट्या, दोन ओळींत, नीट पालथ्या. पाणी दारातल्या कढीपत्त्याला घातलं होतं. मी वेड्यासारखी त्याच्या बुडाची माती चाचपून पाहिली. ती केव्हाच वाळली होती.

मी टोळीतल्या एकीच्या मोबाईलवर आईला फोन लावला. पहिल्या तीन वेळा लागला नाही, चौथ्यांदा लागला, आणि माझं तोंड सुटलं. तुला काय कळतं, कशाला हात लावायचा, माझी तीन वर्षं कढीपत्त्याला घातलीस. असंच आणखी बरंच, जे आता लिहायचीही लाज वाटते. मागं ऊस तोडल्याचा आवाज येत होता. माझं संपल्यावर ती हळूच म्हणाली, "आतनं पुसल्या न्हाईत गं. नुसत्या पालथ्या घातल्या." मी फोन कापला.

पण पुसल्या नाहीत, हे मोठं होतं. हे प्राणी पायानं काचेला चिकटून बसतात. काही तरी तळाशी राहिले असतील, वाळून झोपले असतील. वाट्या मांडीवर घेऊन मी नगरला परतले. जीपच्या प्रत्येक धक्क्याला मी दोन्ही हातांनी त्या घट्ट धरत होते.

प्रयोगशाळेत वाटीवाटीत पाणी घातलं आणि बघत बसले. दुपारनंतर आमच्या तळ्यातली एक हलली. मग तिच्या शेजारची. दुसऱ्या दिवशीपर्यंत गावाकडच्या बाराही वाट्यांत चाकं फिरू लागली. राजूरच्या वाट्यांत काही नाही. कण दिसत होते, गोल, आक्रसलेले, पण हलत नव्हते. मी पाणी बदलून पाहिलं, वाट्यांची जागा बदलून पाहिली. ताटावरून उठून जायचे आणि पुन्हा डोळा लावायचे.

रोज दुपारी कुणाच्या तरी मोबाईलवरून आईचा फोन यायचा. "उठली का गं?" एवढंच विचारायची. मी "बघते" म्हणून ठेवून द्यायचे. चौथ्या दिवशी राजूरच्या कणांचं कवच फुटून आतलं बाहेर आलेलं दिसलं. त्या मेल्या होत्या, बाराही वाट्यांतल्या. त्याच वेळी फोन वाजला.

"उठली का गं?"

"सगळी उठली, आई," मी म्हणाले. "तू जेवलीस का? हाताला काही लागलं नाही ना?"

ती म्हणाली, "बरं झालं बाई." आणि टोळीतल्या बायकांना ओरडून सांगितलं, "उठली समदी!"

पीएच.डी. बुडाली नाही. राजूरच्या माद्यांचे काही नमुने आधीच स्पिरिटमध्ये होते, त्यांचा डीएनए गावाकडच्यांपेक्षा वेगळा निघाला. कोरडं पडून एक गट उठला आणि दुसरा उठला नाही, हेही त्याच्याशी जुळलं. पण आईला सांगितलेलं खोटं माझ्या डोक्यावर बसून राहिलं. पुढच्या प्रत्येक वर्षी निघण्याआधी तिचा फोन यायचा, "फळीवर तुझं काय ठिवलंय का?" मी चिडून म्हणायचे, "नाही गं, किती वेळा सांगू." तिला आता सवयच लागली, असं मला वाटायचं.

तिसऱ्या वर्षी पाडव्याला टोळी परतली आणि मी प्रबंधाचं पुस्तक घरी नेलं. आईनं हात धुऊन ते मांडीवर घेतलं. "मराठीत हाय का काई? वाच की." शेवटी दोन पानांचा मराठी गोषवारा होता. मी वाचत गेले आणि त्या वाक्यापाशी माझी जीभ अडखळली. गाळता आलं असतं, तिला अक्षर येत नाही. पण ती माझ्या तोंडाकडंच बघत होती. मी वाचलं, "राजूरच्या बाराही वाट्यांतील एकही प्राणी पुन्हा जिवंत झाला नाही."

आई पुस्तकावरून हात फिरवत राहिली.

"मला म्हाईत हुतं," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? त्या दिशी तू जेवलीस का म्हून इचारलंस. खरंच उठली असती, तर तू आधी माझ्यावर आनखी येकदा वरडली असतीस."