चहा टाकू?

बातमी आली तेव्हा मी ठाण्याच्या कॉलेजात नर्सिंगच्या मुलींना छाती कशी दाबायची ते शिकवत होते. शहाडहून शेजारच्या वहिनींचा फोन आला. "ताई, भाऊ उठत नाहीयेत," एवढंच म्हणाल्या. दिलीप, माझे पती, दुपारी झोपले ते झोपेतच गेले. मी पोहोचले तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला आता दीड महिना झाला.

पाच वर्षांपूर्वी त्यांचं हृदय पहिल्यांदा बंद पडलं, तेव्हा मी घरात होते. अँब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत राहिले. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर जो तो म्हणायचा, तुम्ही त्यांना परत आणलंत. मी मान डोलवायचे. खरं तर जवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात ड्रॉइंग काढणारा, बोलता बोलता समोरच्याची फिरकी घेणारा माणूस पूर्ण परत आलाच नव्हता. जुनं सगळं आठवायचं, दहा मिनिटांपूर्वीचं नाही. एकदा गॅसवर पातेलं जळालं आणि मी दम भरला, मला विचारल्याशिवाय चहा टाकायचा नाही. रोज म्हणून म्हणून तो नियम त्यांच्याकडून घोटवून घेतला. बाकीचं निसटत गेलं, नियम तेवढा डोक्यात बसला. दर थोड्या वेळानं दारात येऊन उभे... "चहा टाकू?"

मी मुलींसाठी मोबाइलवर छोटे धडे करते. नुसता आवाज, पाच-सात मिनिटांचा. रिक्षात बसून, डबा खाताना ऐकता येतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन ठेवून रेकॉर्ड करायचे आणि नेमकं मधेच "चहा टाकू?" यायचं. मी चिडायचे. मग बसून धड्यातून त्यांचा आवाज कापून टाकायचे. या कामात माझा हात फार सफाईचा झाला होता.

एकदा त्यांनी छाती दाबण्याचा धडा पूर्ण ऐकला. म्हणाले, "तुझा धडा नाडी लागली की संपतो. घरी आल्यानंतरचा कुठाय?"

अभ्यासक्रमात तेवढंच आहे, असं मी तुटकपणे सांगितलं. राग आला होता, कारण ते खरं बोलले होते. घरी आल्यानंतरचं मी कुणालाच सांगत नव्हते. माणूस समोर असून मी एकटी पडले होते, आणि त्यांना ते कळत नाही असं धरून चालले होते.

"मग लिहून घे," ते म्हणाले. "आपण तेच तेच विचारतोय हे पेशंटला कळतं. उत्तर देणाऱ्याच्या तोंडावर दिसतं."

मी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी घरी आल्यानंतरचा धडा केला. त्यांचं वाक्य मी माझ्या आवाजात वाचलं. तेवढ्यात ते दारात आलेच. आणि ते वाक्य नुकतंच वाचलेलं असूनही मी त्यांना कापलं. सवयीनं.

ते गेल्यावर एक दिवस सगळे धडे लावून बसले. एखाद्यात तरी त्यांचा आवाज कापायचा राहून गेला असेल म्हणून... एकूण एक ऐकले. सगळे स्वच्छ आहेत. आजारापूर्वीचे व्हिडिओ आहेत घरात, पण मला त्या परत आलेल्या माणसाचा आवाज हवा होता.

आता रेकॉर्ड करताना मधेच थांबते, दाराकडे बघते आणि पुढे वाचते. परवा एका मुलीनं विचारलं, मॅडम, मधे आवाज गेलाय, तेवढं कापायचं राहिलं का?

तिला म्हटलं, "तेवढं राहू दे गं."