टेम्पररी बाई

पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात तपासणीला दोन बायका होत्या. घोळ नको म्हणून एकीला परमनंट बाई म्हणत आणि दुसरीला टेम्पररी बाई. परमनंट बाई साडेदहाला येत, पर्स खुर्चीला अडकवत आणि पंख्याखाली बसून घाम पुसत. टेम्पररी बाई पहाटे साडेपाचला हजर. अशी सतरा वर्षं. तेवढ्या काळात चार साहेब बदलले, दोन पंप भंगारात गेले, फाटकावरचा कुत्रा म्हातारा होऊन मेला. टेम्पररी होती ती ही एकटीच.

या शब्दाची तिथे चंगळ होती. प्रयोगशाळेवरचे पत्रे टेम्पररी, म्हणजे ते जन्मभर गळणार. मोठ्या नळाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, तीही टेम्पररी, म्हणजे तिला आता कुणी हात लावायचा नाही. शेजारच्या खात्यातून तीन दिवसांपुरतं टेम्पररी आणलेलं कपाट इथलंच म्हणून दोनदा रंगवून झालं होतं. साहेबांचा रागसुद्धा टेम्पररी असे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिके. वस्तूला लागला की हा शब्द तिला कायमचं अभय देई. माणसाला लागला की अर्थ एकच: राबा आणि तोंड उघडू नका. सायकलच्या ट्यूबला जी सुरक्षितता होती ती या बाईला नव्हती, आणि हे कुणालाच खटकत नव्हतं.

काम मात्र तिच्यासारखं कुणाला येत नव्हतं. सहा काचपात्रांत नदीचं गढूळ पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटी कमीजास्त टाकायची, ढवळायचं आणि गाळ कुठे आधी बसतो ते बघायचं. ती नुसतं पात्र उजेडात धरून सांगे, "आज तुरटी वाढवा, वर कुठेतरी पाऊस झालाय." मग शुद्ध झालेलं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग हवा तेवढा आला की क्लोरीन बरोबर. तो आकडा ती कागदावर लिहून व्हॉल्व्हवाल्या मामांकडे देई. आकडा हातात आल्याशिवाय मामा चाकाला हात लावत नसत, आणि मामांनी चाक फिरवल्याशिवाय शहरात कुणाच्या नळाला थेंब येत नसे.

आता यातली गंमत ऐका, म्हणजे तिला गंमत म्हणायचं असेल तर. दर अकरा महिन्यांनी तिला एक पत्र मिळे: अमुक तारखेला आपली सेवा एक दिवस खंडित करण्यात येत आहे. सलग वर्ष भरलं तर बाई हक्क सांगेल, म्हणून ही कात्री. पण त्या दिवशी शहर पाणी पिणार नव्हतं थोडंच! म्हणून खंडाच्या दिवशी बाईने मागच्या दाराने यायचं, तपासणी करायची आणि आकडा पेन्सिलीने लिहायचा. दुसऱ्या दिवशी परमनंट बाई तो पेनने गिरवून खाली सही करत. असे अठरा खंड झाले. त्या अठरा दिवसांचा पगार कुणी दिला नाही आणि तिने मागितला नाही. चुकलंच तिचं, पण गरजवंताला अक्कल नसते.

मग वरून हुकूम आला. सगळ्या खात्यांतल्या टेम्पररी लोकांपैकी सलग पाच वर्षं झालेल्यांना कायम करणार, उरलेल्यांना महिनाअखेर नारळ. यादी लागली तेव्हा तिचं नाव दुसऱ्या भागात होतं. ती तडक साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, सतरा वर्षं झाली मला."

"सलग नाहीत ना, बाई. अठरा खंड आहेत. कागद बोलतो, मी काय करू?"

"त्या अठरा दिवशी पाणी कुणी तपासलं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "वहीत परमनंट बाईंची सही आहे."

"त्या तर खुशाल साडेदहाला येतात. पाणी सहाला सुटतं." ती टेबलाजवळ सरकली. "मी तपासलं असेल तर माझ्या सेवेला खंड नाही. मी नव्हते म्हणत असाल, तर तुम्ही अठरा दिवस सगळ्या गावाला न तपासलेलं पाणी पाजलंत. दोन्हीतलं एक काहीतरी लिहून द्या."

"असं तिरकं बोलू नका. बघतो मी." बघतो म्हणजे विसरतो, हे ती सतरा वर्षांत शिकली होती. आणि निर्लज्जपणा बघा, चारच दिवसांनी एकोणिसाव्या खंडाचं पत्र तिच्या हातात पडलं. महिनाअखेर नारळ द्यायचाच होता, तरी कारकुनाने सवयीने कात्री चालवली होती.

खंडाच्या दिवशी ती पहाटे उठली, केस विंचरले आणि घरातच बसली. नवऱ्याने शाळेच्या बसची किल्ली उचलता उचलता विचारलं, "अगं, जायचं नाही?"

"आज मी कामावर नाही. पत्र आहे."

सात वाजले तरी घरच्या नळाला पाणी नव्हतं. सासूबाई रिकामी बादली घेऊन मोरीशी उभ्या होत्या. शेजारणी दारात येऊन विचारून गेल्या. पलीकडच्या घरात तान्हं मूल होतं, ते तिला ठाऊक होतं. ती दोनदा चपला घालायला उठली. सासूबाई म्हणाल्या, "बस खाली. आज गेलीस तर आयुष्यभर मागच्याच दाराने जाशील. दुपारपर्यंत कुणी तहानेने मरत नाही."

तिकडे केंद्रात साहेबांनी मामांना चाक फिरवायला सांगितलं. मामा म्हणाले, "आकडा?" परमनंट बाईंना घरून गाडीने आणलं, तर त्यांना औषधाची बाटली कुठल्या कपाटात असते तेच माहीत नव्हतं. साहेबांनी दम भरला. मामा स्टुलावर बसले आणि म्हणाले, "साहेब, माझी नातवंडंही हेच पाणी पितात."

आठला साहेब स्वतः तिच्या दारात. खिशातला फोन एकसारखा वाजत होता.

"चला बाई, गाडी आणलीय."

"मी आज सेवेत नाही, साहेब. तुमचीच सही आहे."

"अहो, ते नुसतं कागदावर असतं."

"मग तेही कागदावरच लिहा. आज आणि त्या अठराही दिवशी मी कामावर होते असं."

साहेब लाल झाले, मग पिवळे पडले. ते लिहिणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. पण फोन थांबेना. सासूबाईंनी नातीच्या वहीचं पान फाडून पुढे केलं. साहेबांनी उभ्याउभ्या लिहिलं. तिने वाचलं आणि कागद परत दिला.

"हे 'टेम्पररी स्वरूपात' कशाला घातलंत?"

"सवयीने आलं."

"काढा."

त्यांनी काढलं आणि सही केली. तिने कागद सासूबाईंकडे दिला आणि मगच चपला घातल्या. पाऊण तासात आकडा मामांच्या हातात होता. चाक फिरलं. प्रयोगशाळेच्या दाराशी साहेब फोनवर सांगत होते, "काही नाही, टेम्पररी अडचण होती. मिटली." नळीतला पिवळा रंग उजेडात धरून ती ते ऐकत होती.

त्या पानाच्या जोरावर महिनाअखेरचा नारळ टळला आणि कायम केल्याचा हुकूम सात आठवड्यांनी आला. घरात सगळ्यांना आनंद झाला, नवऱ्याने पाठ थोपटली. तिने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सेवेचा आरंभ: हुकमाच्या तारखेपासून. सतरा वर्षं सरळ पुसून टाकली होती, जणू तोवर शहराला पाणी आपोआपच स्वच्छ येत होतं.

"मिळालं ना पद? आता कशाला वाद?" नवरा म्हणाला.

"पद दिलं नाही त्यांनी. सतरा वर्षं चोरली," ती म्हणाली. साहेबांच्या हातचं ते वहीचं पान तिने समोर ठेवलं, कोरा कागद घेतला आणि नवा अर्ज लिहायला बसली.