कृमींना मानवलेलं तेल

जळगावच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा पीएच.डी.साठी काचेच्या प्लेटांत कृमी पाळत होते. मातीत राहणारे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे. आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं, म्हणून म्हातारपण अभ्यासायला सोयीचे. त्यांच्या खाण्यात मी माशाचं तेल मिसळायची आणि रोज सकाळी तारेच्या टोकाने एकेकाला डिवचायची. हलला तर जिवंत.

पहिल्या खेपेला थोडं तेल मिळालेले कृमी इतरांपेक्षा जास्त दिवस वळवळत राहिले. आनंदाच्या भरात मी चोपड्याला वडिलांना फोन केला. आबांचे गुडघे धरलेले, केळीच्या बागेपर्यंत जाणंही जड झालेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एवढंच.

पुढच्या खेपेत मी भरपूर तेलाच्या प्लेटाही लावल्या. त्यांतले कृमी, तेल अजिबात न मिळालेल्यांच्याही आधी मेले. हे मात्र मी घरी कळवलं नाही.

महिन्याभराने घरी गेले, तर आबांच्या दंडावर काळेनिळे डाग.

"पडलात का कुठे?"

"नही. आपोआप येतस."

आईने फडताळातून डबी काढून माझ्यापुढे ठेवली. माशाच्या तेलाच्या गोळ्या. जन्मात अंड्याला न शिवलेला माणूस रोज सहा-सहा घेत होता.

"तूच म्हणालीस ना, तेलाने किडे तरतरीत झाले," आई म्हणाली.

मी म्हटलं, "आबा, ते किडे होते. आणि जास्त तेल दिलं तेव्हा लवकर मेले."

"मरी गयात?" आबांनी डबीचं झाकण लावलं. "मंग हाई कधी सांगणार व्हती?"

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांना आधीच चालू होती. त्यात एवढं तेल, तेही रक्त पातळ करणारं. डॉक्टरांनी तेल तिथल्या तिथे बंद केलं आणि विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी तोंड उघडणार, तोच आबा म्हणाले, "मोबाईलवर पाहिलं."

परतताना रिक्षात मी म्हटलं, "माझं नाव का नाही घेतलं?"

"गोळ्या मी खाल्ल्या," ते म्हणाले, आणि रिक्षावाल्याला भाजी बाजारापाशी थांबायला सांगितलं.

डाग काही आठवड्यांत फिके पडले. गुडघे आहेत तसेच आहेत. प्रबंध लिहायला बसले, तेव्हा जास्त तेलाच्या प्लेटांचं प्रकरण मी सगळ्यांत आधी लिहून काढलं.